आधी मूळ कागद परत आणा, मग देश ठरवू

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मोशीला राहणारे एक वाचक लिहितात. वय ३३. मेकॅनिकलचा डिप्लोमा, त्यानंतर ११ वर्षं चाकणमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. सुरुवात प्रेस शॉपला झाली, आता वेल्डिंग लाइनवरचे रोबोट आणि पीएलसी (मशीन चालवणारे छोटे नियंत्रक संगणक) सांभाळतात. हातात ५२ हजार येतात, त्यातले २१ हजार घराच्या हप्त्याला जातात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी चार वर्षांची, आई-वडील बार्शीला. बरोबरीचा एक मित्र दीड वर्षापूर्वी जर्मनीला गेला, तेव्हापासून यांच्या मनात परदेश आहे. जंगली महाराज रस्त्यावरच्या एका कन्सल्टंटने सांगितलं की डिप्लोमावर जर्मनी होत नाही, पण कॅनडाचं ‘एलएमआयए रेडी’ आहे, म्हणजे परदेशी माणूस घ्यायची तिथल्या मालकाची सरकारी मंजुरी तयार आहे. साडेसात लाख, आठ महिन्यांत काम. ७५ हजार भरून झाले आहेत आणि मूळ गुणपत्रिकाही कन्सल्टंटकडेच आहेत. आता तो म्हणतो, मागच्या तारखेची बीई करून घ्या म्हणजे फाइल भक्कम होईल. सासरे उरलेले पैसे द्यायला तयार आहेत. पत्नी म्हणते, थांबा. वाचकांचा प्रश्न: ‘डिप्लोमावाल्याला कुठला देश सोपा? की माझा उशीर झालाय?’

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेला पावतीचा फोटो चारदा. पावतीवर लिहिलंय, ‘फाइल ओपनिंग व डॉक्युमेंटेशन चार्जेस, नॉन-रिफंडेबल’. खाली रक्कम, तारीख, आणि सहीच्या जागी एक वळण. कॅनडाचं नाव कुठेच नाही. कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर, किती पगारावर, एक अक्षर नाही. जीएसटी क्रमांक नाही. तुम्ही लिहिलंय की पत्नीने ती पावती हातात घेतली आणि एवढंच विचारलं, ‘यात नोकरी कुठं लिहिलीय?’ त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. अबोला आजच संपवा. तुमच्या पाच पानी पत्रात तिचा हा एक प्रश्न सगळ्यात नेमका आहे, आणि माझं पुढचं सगळं उत्तर त्याच प्रश्नाला धरून आहे.

मी भोसरीच्या पट्ट्यात वीस वर्षं एचआरमध्ये काढली. परदेशी जाण्यासाठी अनुभवाचं पत्र मागायला येणारी मुलं तेव्हापासून बघतेय. त्यातली बरीच तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन यायची: कुठला देश सोपा? जणू देश म्हणजे एसटी स्टँडवरच्या गाड्या आणि ज्या गाडीला गर्दी कमी तिच्यात चढायचं. पण कामाच्या व्हिसात देश शेवटी येतो. आधी येतं तुमचं काम, ते तिकडे कुणाला हवंय, आणि तुमचं शिक्षण त्यांच्या दप्तरी काय म्हणून मोजलं जातं. या गोष्टी जुळल्या की व्हिसा हा बहुतेक वेळा कागदोपत्री सोपस्कार उरतो. त्या जुळल्या नाहीत तर साडेसात लाख भरूनही काही जुळत नाही.

तुमच्याच बाबतीत बघा. तुम्ही स्वतःला ‘फक्त डिप्लोमावाला’ म्हणता. पत्रात हे तीनदा आलंय. पण त्याच पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की रात्री दोन वाजता लाइन बंद पडली की सुपरवायझरचा फोन तुम्हाला येतो, आणि मागच्या पावसाळ्यात पॅनेलमध्ये पाणी गेलं तेव्हा सीमेन्सचा प्रोग्रॅम लॅपटॉपवरून परत चढवून पहाटेपर्यंत लाइन सुरू केलीत. जर्मनीतल्या कारखान्याला नेमका हाच माणूस हवा असतो. तिथे ‘इंडुस्ट्रीमेकानिकर’ आणि ‘मेकाट्रोनिकर’ ही रीतसर शिकलेल्या कारागिरांची पदं आहेत, त्यांना मान आहे, आणि ते निवृत्त होत चाललेत त्या वेगाने नवे मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीचे तेव्हाचे चान्सेलर ओलाफ शोल्त्स दिल्लीला आले होते, तेव्हा जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. हे सगळे व्हिसा संगणकवाल्यांसाठी नाहीत.

आता ‘डिप्लोमावर जर्मनी होत नाही’ या वाक्याकडे येते. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त घातक. जर्मनीचं ब्लू कार्ड हा कामाचा परवाना मुख्यतः पदवीधरांचा, तो तुमच्यासाठी नाही, हे खरं. पण मार्च २०२४ पासून तिथे अनुभवी कामगारांसाठी वेगळी वाट खुली झाली आहे. तिच्या अटी तुमच्या मापाने शिवल्यासारख्या आहेत: स्वतःच्या देशात सरकारमान्य असलेलं निदान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण, गेल्या पाच वर्षांत त्या कामाचा निदान दोन वर्षांचा अनुभव, आणि हातात जर्मन कंपनीची खरी नोकरी. तुमचा डिप्लोमा एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, तीन वर्षांचा. तो सरकारमान्य आहे याचा दाखला बॉन शहरातल्या त्यांच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून घ्यावा लागतो. त्या कार्यालयाला ‘झॅब’ म्हणतात. अर्ज ऑनलाइन होतो, तो तुम्ही स्वतः करू शकता.

अडचण पगाराच्या अटीची आहे, ती लपवत नाही. या वाटेने जायचं तर करारावर वर्षाला ठरावीक किमान पगार दिसायला हवा. २०२५ साली तो ४३,४७० युरो होता, २०२६ साठी ४५,६३० झाला. दर जानेवारीत तो सरकतो, म्हणून जुन्या व्हिडिओतल्या आकड्यांवर विसंबू नका. कंपनी तिथल्या कामगार संघटनेच्या वेतनकराराला बांधील असेल तर करारातला पगारही चालतो. मेंटेनन्सच्या अनुभवी माणसाला हा पगार आवाक्यातला आहे. पण छोट्या गावातली वीस माणसांची कंपनी तो सहज देईल, असंही धरून चालू नका.

म्हणून दुसरी वाट जास्त काळजीने बघा: शिक्षणाची रीतसर मान्यता. न्यूरेंबर्गला ‘आयएचके फोसा’ नावाची संस्था आहे. तुमचा अभ्यासक्रम आणि अनुभव यांची ती जर्मन कारागिराच्या शिक्षणाशी तुलना करते. फी १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान. पूर्ण मान्यता मिळाली तर ४५ वर्षांखालच्या माणसाला वर सांगितलेली किमान पगाराची अट लागत नाही, आणि कायमच्या वास्तव्याचा अर्जही लवकर, तीन वर्षांनंतर करता येतो. आपल्याकडच्या अनेकांना पहिल्या फेरीत अर्धवटच मान्यता मिळते. ती अपयश समजू नका. त्या पत्रात काय कमी पडतं हे लिहिलेलं असतं. ते कमी पडलेलं तिथे जाऊन, नोकरी करता करता पूर्ण करायचीही सोय आता आहे. मात्र त्यासाठी कंपनीचा करार आणि जर्मन भाषेची निदान ए२ पातळी, म्हणजे सुरुवातीची दुसरी पायरी, लागते.

या अर्जासाठी एक गोष्ट आजपासून सुरू करा: अनुभवाचं पत्र. तुम्ही पाठवलेल्या पत्रात तुमच्या कंपनीने लिहिलंय, ‘मेंटेनन्स विभागात इंजिनिअर म्हणून कार्यरत, वर्तणूक समाधानकारक’. मी स्वतः अशी शेकडो पत्रं टाइप करून दिली आहेत. आज त्याचं वाईट वाटतं, कारण परदेशातल्या परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. तुम्ही कुठल्या मशीनवर काम केलंत, प्रेस किती टनांचा, रोबोट कुठल्या बनावटीचा, पीएलसी कुठला आणि त्यात फक्त दोष शोधलात की प्रोग्रॅमही बदललात, हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स, प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्सचं वेळापत्रक, हाताखाली किती माणसं, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत. हे सगळं दोन पानांत यायला हवं. मसुदा तुम्हीच लिहा आणि एचआरकडे घेऊन जा. आयता मसुदा दिला की सही मिळायला सोपं जातं, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतेय.

तुमचा मित्र ‘चान्सेनकार्टे’वर गेला, असं तुम्ही लिहिलंय आणि ‘तो नोकरीशिवाय गेला, मग मी का नाही’ असं विचारलंय. हे संधी कार्ड १ जून २०२४ पासून मिळतं. एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधायची परवानगी, त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत छोटं काम चालतं. सहा गुण लागतात. तुमचे मोजू: वय ३५ च्या आत म्हणून दोन, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव म्हणून तीन, झाले पाच. जर्मनची ए२ परीक्षा पास झालात की एक, झाले सहा. म्हणजे तुम्ही बसता. आता खर्च. त्या वर्षभराचे पैसे आधी दाखवावे लागतात. २०२५ साली दरमहा १,०९१ युरोंचा हिशेब होता, वर्षाचे १३,०९२. आपल्या रुपयांत तेरा लाखांच्या वर. पत्नी आणि मुलगी त्या वर्षी सोबत असतील असं हिशेबात धरू नका. वर्षात पक्की नोकरी मिळाली नाही तर परत यावं लागतं, आणि तोवर इथली नोकरी गेलेली, हप्ता २१ हजारांचा चालूच. तुमच्या मित्राचं लग्न झालेलं नव्हतं, त्याच्यावर कर्ज नव्हतं. त्याने घेतलेली उडी त्याच्या परिस्थितीत ठीक होती. तुमच्या परिस्थितीत मी हे कार्ड शेवटच्या खणात ठेवीन. आधी इथूनच, पगार चालू ठेवून नोकरी शोधा.

आणि भाषा. कायद्याने काही वाटांना जर्मन लागत नाही, हे खरं. पण पहाटे तीनला बंद पडलेल्या लाइनीवर उभं राहून शिफ्टच्या माणसाशी तुम्ही इंग्रजीत काय बोलणार? मेंटेनन्सचं काम बोलण्याचं आहे. सुरक्षेची पाटी, मशीनचं मॅन्युअल, ऑपरेटरची तक्रार, सगळं जर्मनमध्ये. ए२ च्या पुढची पायरी बी१, तिथपर्यंत जा. नोकरी सांभाळून एक ते दीड वर्ष लागेल. बोट क्लब रोडचं मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. तुमच्या शिफ्टमुळे तिथे जाणं जमत नसेल तर ऑनलाइन वर्ग घ्या, पण परीक्षा मान्यताप्राप्त ठिकाणीच द्या.

माझ्या ओळखीचं पिंपळे गुरवचं एक जोडपं गेल्या वर्षी गेलं. नवरा टूल रूमवाला, बायको अकाउंट्समधली. त्यांच्या स्वयंपाकघरात मी गेले तेव्हा फ्रिजवर पिवळी चिठ्ठी होती, ‘डेर क्यूलश्रांक’. मिठाच्या बरणीवर ‘दास झाल्त्स’, दाराच्या कडीजवळ ‘दी ट्यूर’. पोळ्या लाटता लाटता ती त्याला क्रियापदं विचारत होती, चुकला की लाटणं कट्ट्यावर आपटायचं. सासूबाईंनाही अर्ध्या वस्तूंची नावं पाठ झाली होती. त्याची नोकरीची मुलाखत तासभर चालली आणि त्यातली शेवटची वीस मिनिटं जर्मनमध्ये होती. तो अडखळला, पण थांबला नाही. त्याला नोकरी मिळाली. पुढे तिचाही अर्ज झाला, आता तीही तिथे काम करते, कारण कुटुंब म्हणून गेलेल्या जोडीदारालाही तिथे काम करायची मुभा असते. तुमची पत्नी शिक्षिका आहे. शिकायचं कसं हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तिच्यासाठी भाषेची अट लागो न लागो, तिलाही पहिल्या दिवसापासून सोबत बसवा.

आता कॅनडा. तिथला मालक परदेशी माणूस घेण्याआधी सरकारकडून एक मंजुरी घेतो, तीच एलएमआयए. स्थानिक माणूस मिळत नाही हे मालकाला दाखवावं लागतं आणि त्याची फी मालकाने भरायची असते. ती कामगाराकडून वसूल करणं तिथे बेकायदा आहे. म्हणजे ‘एलएमआयए रेडी आहे, साडेसात लाख द्या’ या वाक्यातच गुन्हा आहे. शिवाय एक्सप्रेस एन्ट्री या कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठीच्या योजनेच्या गुणपद्धतीत नोकरीच्या प्रस्तावाचे जे जादा गुण मिळायचे, ते २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत, कारण अशा कागदांचा बाजार मांडला गेला होता. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही. वयाचे गुणही तिथे तिशीपासून दर वर्षी घसरतात.

मागच्या तारखेच्या बीईबद्दल मी रागावून लिहितेय, आणि राग तुमच्यावर नाही. खोटा कागद जोडल्याचं उघड झालं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत, अमेरिकेत तर ते कायमचं होऊ शकतं. इथे फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. आणि पकडले जाता तुम्ही. कन्सल्टंटची सही कुठल्याच अर्जावर नसते, अर्जावर तुमची सही असते, ‘वरील माहिती खरी आहे’ या वाक्याखाली. ११ वर्षं रात्री-अपरात्री उठून कमावलेला अनुभव त्या एका कागदापायी खोटा ठरेल. नको.

बाकी देशांबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही सगळीच नावं लिहिली आहेत. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसा पदवीच्या पातळीच्या कामांपुरता आखडता घेतला आहे, साधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड. त्याखालच्या मोजक्या कामांची तात्पुरती यादी आहे, पण त्यावर नव्याने जाणाऱ्याला कुटुंब नेता येत नाही. ऑस्ट्रेलियात तुमच्या कामाला मागणी आहे. तिथे आधी कौशल्याचं मूल्यांकन आणि इंग्रजीची परीक्षा होते, आणि कायमच्या वास्तव्याच्या बहुतेक कुशल व्हिसांना ४५ ही वयोमर्यादा आहे. इंग्रजी चांगलं असेल तर ही तुमची दुसरी पसंती असू द्या. जपानचा ‘तोकुतेई गिनो’ हा ठरावीक कौशल्याच्या कामांसाठीचा व्हिसा २०१९ पासून आहे, पण त्यात पहिल्या टप्प्यात कुटुंब नेता येत नाही. आखातात नोकरी पटकन मिळेल, पैसा साठेल, मुलीच्या शाळेचं गणित मात्र वेगळं करावं लागेल. दुबई-अबुधाबीच्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाचा आहे, हे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावं.

अमेरिकेचं विचारणारी पत्रंही याच आठवड्यात आली आहेत, बहुतेक हिंजवडीतून, म्हणून इथेच सांगते. एच-१बी या तिथल्या कुशल कामाच्या व्हिसासाठी वर्षाला ६५ हजार आणि तिथली मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, एवढ्याच जागा. अर्ज कंपनीनेच करायचा, जागांपेक्षा नोंदणी जास्त झाली की निवड होते. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर भरण्याची अट आली. ‘एच-१बी करून देतो’ म्हणणारा इथला माणूस तुम्हाला काहीही करून देऊ शकत नाही. बारावी झालेल्या मुलांच्या पालकांनाही एक सांगते: जर्मनीची ‘आउसबिल्डुंग’ ही नोकरी नसून शिकाऊ उमेदवारी आहे, दोन ते साडेतीन वर्षांची, विद्यावेतनावर, आणि तिला बी१ जर्मन लागतं. ती चांगली गोष्ट आहे. पण तिला ‘जर्मनीत नोकरी’ म्हणून पाच-सात लाखांना विकणारे पुण्यात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ‘आम्ही सरकारी योजनेतले’ असं सांगणारेही दिसू लागले. सरकारी योजनेची खात्री सरकारी कार्यालयातच करा.

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी बघता येते. त्यांनी उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच आहे. साडेसात लाख आणि तीस हजार, दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून बघा. प्रामाणिक सल्लागारही असतात. ते अर्ज भरायला, कागद लावायला मदत करतात, त्याची रीतसर पावती देतात, आणि नोकरीची किंवा व्हिसाची हमी कधीच देत नाहीत. खरं तर जर्मनीसाठी त्यांचीही फारशी गरज नाही. ‘मेक इट इन जर्मनी’ या तिथल्या सरकारी संकेतस्थळावर अटी, नोकऱ्या, सगळं इंग्रजीतून आहे. २०२५ च्या जानेवारीपासून व्हिसाचा अर्ज त्यांच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन सुरू करता येतो, व्हिसाची फी ७५ युरो.

आणखी एक वाट आहे आणि ती तुमच्या कारखान्याच्या आसपासच आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात जर्मन मालकीच्या कितीतरी कंपन्या आहेत. तिथे मेंटेनन्सला जागा निघतात. अशा कंपनीत दोन-तीन वर्षं काम केलंत, नवीन लाइन उभी करायला तिकडून माणसं येतात त्यांच्याबरोबर हात काळे केलेत, मूळ कारखान्यात महिनाभर प्रशिक्षणाला जाऊन आलात, तर तुमच्याकडे ओळखी असतील, भाषा कानावरून गेलेली असेल, आणि तिथली थंडी, तिथला एकटेपणा आपल्याला मानवतो का हेही कळलेलं असेल. शिवाय पगार कदाचित इथेच वाढेल. हा मुद्दा मी मुद्दाम काढतेय. तुमच्या पत्रात परदेशाबद्दल जेवढं आहे त्याहून जास्त सध्याच्या मॅनेजरबद्दल आहे. तीन वर्षं बढती अडकलीय, नवा आलेला पदवीधर मुलगा तुमच्याकडून शिकून तुमच्या वर बसला, हे तुम्ही ज्या शब्दांत लिहिलंय ते वाचून मला वाईट वाटलं. हा अन्याय खरा आहे. पण त्यातून सुटायला देशच सोडावा लागतो की कंपनी सोडून भागेल, हा विचार एकदा शांतपणे करा. दोन्हीची उत्तरं ‘हो’ असू शकतात, आणि तसं असेल तर क्रम ठरवता येतो.

तिकडच्या पगाराचा हिशेब करताना युरोला शंभरने गुणून थांबू नका. पंचवीस-तीस टक्के कर आणि सामाजिक विम्यात जातील, मग घरभाडं. उलट बाजूला मुलीमागे दरमहा अडीचशे युरोंहून जास्त बालभत्ता मिळतो, सरकारी शाळेला फी नाही, आणि दवाखान्याचा खर्च विम्यातून होतो. पत्नीचा पगार पहिलं वर्ष शून्य धरा. बार्शीला वर्षातून एकदा येण्याची तिकिटं धरा. वडिलांचं ऑपरेशन निघालं तर इथे कोण धावेल, त्याचं नाव कागदावर लिहा. नुसतं ‘बघू’ असं लिहू नका. हा हिशेब तुम्ही दोघांनी मिळून करायचा आहे, सासऱ्यांसमोर नाही. त्यांचा चांगुलपणा मोठा आहे, पण त्यांच्या फंडातले पैसे या पावतीवर जाऊ देऊ नका.

उशीर झालाय का? नाही. तुमची खरी वयाची रेघ जर्मनीत ४५ ला आहे, आणि संधी कार्डाचे दोन गुण हवे असतील तर ३५ ला. दीड वर्षात बी१ आणि मान्यतेचं पत्र हातात आलं तर तुम्ही दोन्हींच्या आत आहात.

पण सगळ्यात आधी ते मूळ कागद. या शनिवारी सुट्टी असेल तर दोघं मिळून त्या ऑफिसात जा. सोबत दोन ओळींचं पत्र न्या: ‘मला ही सेवा नको आहे, माझ्या मूळ गुणपत्रिका, डिप्लोमाचं प्रमाणपत्र आणि भरलेले ७५ हजार परत द्या.’ त्याच्या एका प्रतीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. आवाज चढवू नका, फोनवर बोलू नका, जे काय ते लेखी. आधी गुणपत्रिका हातात घ्या, पैशांचं नंतर. कागद अडवून ठेवले तर सरळ पोलीस चौकी. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची आहे. ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलं म्हणून तुमचा तक्रारीचा हक्क जात नाही. नोंदणी नसताना भरती करत असतील तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडेही लिहा. मागच्या तारखेच्या बीईबद्दल त्यांनी व्हॉट्सॲपवर जे मेसेज पाठवलेत ते पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट पत्नीच्या फोनवरही ठेवा.

गुणपत्रिका मिळाल्या की त्या स्कॅन करून ठेवा आणि मला दोन ओळी कळवा. अनुभवाच्या पत्राचा मसुदा सोबत पाठवलात तर मी तो वाचून दुरुस्त करून देईन.